विमानास आरसा दाखविणेबाबत

सायली तीन वर्षांत चौदा वेळा घरावरून गेली होती आणि घरी एकदाही आली नव्हती.

हे बोलायची रीत म्हणून सांगितलेलं नाही. तिच्या आईनं, म्हणजे सत्यशीलाबाईंनी, ते मोजलं होतं. सायली भुवनेश्वरला एका संशोधन संस्थेत होती. कामासाठी पुण्याला यायची, दोन दिवस बैठका करायची आणि विमानानं परत. अशा सात खेपा, जाऊन-येऊन चौदा. शाळेच्या नकाशावर पुणे आणि भुवनेश्वर या दोन ठिपक्यांत दोरा ताणला, की तो पाटोद्याच्या किंचित वरून जातो, आणि सत्यशीलाबाईंचं गाव पाटोद्यापासून सहा किलोमीटरवर. एकोणतीस वर्षं पोरांना विज्ञान शिकवून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाई त्या. दोरा ताणल्याशिवाय विधान करायची त्यांना सवय नव्हती.

रोज सकाळी अकराच्या सुमाराला घराच्या उत्तरेकडून एक विमान पांढरी रेघ ओढत जायचं. सासूबाई भिवराबाई ओट्यावरून मान वर करून म्हणायच्या, "गेली बघ पोरगी. डोक्यावरून जाती अन् उतरत न्हाई. पायलटाला म्हणावं, जरा बिरेक मार की." विमान रोजचं होतं आणि सायली त्यात वर्षातून दोन-तीनदाच असायची, हे भिवराबाईंना सांगायचं कुणाच्याच जिवावर येत होतं. त्यामुळे घरावरून रोज नात जात होती.

एकदा फोनवर सायली सहज म्हणाली, "आई, मी दर वेळी खिडकीतून बघते. गाव सापडतच नाही गं. सगळंच खाकी." मग थोडा वेळ काहीच बोलली नाही. मग म्हणाली, "बरं ठेवते, मशीन चालू आहे."

त्या मधल्या वेळात सत्यशीलाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं होतं. अकरा सेकंद. पोरगी अकरा सेकंद गप्प राहते म्हणजे काय, हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नसतं. पण त्याच दिवशी त्यांनी ठरवलं, की आपण दहा दिवस भुवनेश्वरला जायचं, विमानानं जायचं, आणि जाताना वरून आपल्या घराचा फोटो काढून तो सायलीच्या हातात द्यायचा. हे बघ, इथं आहोत आम्ही.

"कावून?" यजमान मोहनराव म्हणाले. जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर म्हणून नोकरी झालेली, त्यामुळे कुठल्याही प्राण्याची भीती नाही. विमानाची मात्र होती. "मोबाईलवर दिसतंय की वरून घर. बोटानं मोठं बी होतं."

"तो फोटो चार वर्षांपूर्वीचा आहे. त्यात आपली पाण्याची टाकी नाही," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "आणि त्यात वर बघणारं कुणी नाही."

मोहनरावांनी बाईंचा मोबाईल खाली ठेवला.

आता प्रश्न असा, की नऊ-दहा किलोमीटर उंचीवरून घर ओळखायचं कसं. त्याचं उत्तर प्रकाशाच्या परावर्तनाच्या धड्यात होतं. वीतभर आरसा उन्हात धरला, तर त्याची तिरीप विमानातून ठिणगीसारखी दिसते, घर दिसलं नाही तरी. योजना सोपी होती. सत्यशीलाबाई उजवीकडच्या खिडकीशी बसणार, मोहनराव स्लॅबवर आरसा घेऊन उभे राहणार. त्यांनी डाव्या हाताची दोन बोटं कात्रीसारखी उघडायची, त्या फटीत विमान धरायचं आणि आरशाचा कवडसा बोटांवर पाडायचा. कवडसा बोटांवर पडला म्हणजे तो विमानावरही पडला. कात्री, विमान, कवडसा. सातवीची पोरं दहा मिनिटांत शिकतात.

मोहनरावांना चार दिवस लागले. पहिल्या दिवशी कवडसा विमान सोडून बाकी सगळीकडे गेला. शेजारच्या शहादेवअण्णांची म्हैस डोळ्यांवर उजेड आल्यानं दावं तोडून पळाली आणि मोहनरावांना आरसा ठेवून तिच्यामागं धावावं लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बोटांत विमानाऐवजी घार धरली. "बारीक दिसत होतं, म्या काय करू?" असं त्यांचं म्हणणं.

म्हशीमुळे शहादेवअण्णा या प्रकरणात आले, ते कायमचे. अण्णा एकदा विमानानं दिल्लीला जाऊन आले होते, एका पुढाऱ्याच्या शिष्टमंडळात. तेव्हापासून गावात विमान या विषयावर शेवटचा शब्द त्यांचा असे.

"वहिनी, दिल्लीला गेलतो तवा पट्टा काढाया लावला हर एकाला. म्या धोतरावर गेलतो. म्हणलं, आता काढावं काय?" इथं ते हसायला थांबत. "तुमाला एकच सांगतो. जेवढं करंटाचं हाय, तेवढं समदं विमानाच्या पोटात टाका. कॅमेरा, बॅटऱ्या, समदं. जवळ ठिवलं की धरत्यात."

सत्यशीलाबाईंनी पाटोद्याहून विमान कंपनीचे नियम छापून आणले होते. अकरा पानं. त्यांतल्या महत्त्वाच्या ओळींखाली, उत्तरपत्रिका तपासायच्या लाल पेनानं, रेघा मारल्या होत्या. पान सहा : सुट्या बॅटऱ्या सामानाच्या पोटात टाकायच्या नाहीत, प्रवाशानं जवळ बाळगायच्या. म्हणजे अण्णा सांगत होते त्याच्या बरोबर उलट.

"अण्णा, इथं उलट लिहिलंय."

"लिहीनात का," अण्णा म्हणाले. "लिहिणारा कधी गेलता का विमानात?"

कॅमेरा अभिमन्यूचा. अभिमन्यूचा पाटोद्यात फोटो स्टुडिओ आहे आणि तो सत्यशीलाबाईंचा विद्यार्थी. विज्ञानात छत्तीस गुण. बाईंनी आपल्याकडे काही मागितलं, याचंच त्याला इतकं भरून आलं, की त्यानं अर्धा स्टुडिओ घरी आणून ठेवला. कॅमेरा, दुधाच्या किटलीएवढी लेन्स, चार बॅटऱ्या, चार्जर, स्टँड, फ्लॅश.

"बाई, लग्नात नवरीच्या डोळ्यातलं पाणी मी मांडवाबाहेरून धरतो ह्या लेन्सनं."

"फ्लॅश कशाला रे? दहा किलोमीटरवर फ्लॅश पोचेल का?"

"असू द्या बाई. अंधार असला तर."

"विमान सकाळचं आहे, अभिमन्यू."

मग त्यानं खिशातून विटेएवढी पॉवर बँक काढली. तिच्यावर पन्नास हजाराचा आकडा होता. सत्यशीलाबाईंनी वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. "एकशे पंच्याऐंशी वॅट-तास. मुभा शंभरची आहे. ही विमानात चालणार नाही." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आकडा खरा असेल तर घरात उशाशीही ठेवत जाऊ नकोस. आणि खोटा असेल तर दुकानदाराला परत दे." अभिमन्यूनं पॉवर बँक पुन्हा खिशात घातली. त्याला छत्तीस गुण मिळाले होते तेव्हाही तो असाच उभा होता.

शेवटी कॅमेरा, लेन्स, बॅटऱ्या आणि चार्जर एवढं घ्यायचं ठरलं. फोटो लगेच मोठा करून दाखवता यावा म्हणून सायलीचा कॉलेजातला जुना लॅपटॉपही. मोबाईलची मात्र अदलाबदल करावी लागली. विमान आत्ता कुठं आलंय ते दाखवणारं काहीतरी अभिमन्यूनं सत्यशीलाबाईंच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं होतं. ते पाहिल्याशिवाय मोहनराव पुन्हा घारीलाच आरसा दाखवणार, यात शंका नव्हती. म्हणून बाईंचा मोबाईल मोहनरावांकडे आणि मोहनरावांचा बटणांचा फोन बाईंकडे.

तिसऱ्या दिवशी पोलीस पाटील धुळाजी आले. त्यांनी पाणी घेतलं, चहा घेतला, आणि मग टोपी काढून मांडीवर ठेवली. म्हणजे आता सरकारी बोलणं सुरू होणार.

"मोहनराव, तुमी विमानाला इशारे देताव म्हणं."

"आरसा दाखवतो. इशारा न्हाई."

"कुनी सांगितलं इशारा न्हाई? मागं रातचे ड्रोन फिरायचे त्या टायमाला आमी रातभर काठ्या घेऊन हिंडलाव. उद्या वरून कुनी इचारलं, पाटील काय करत व्हता, तर म्या काय सांगू? म्हशीकडं बघत व्हतो?"

सत्यशीलाबाईंनी त्यांना परावर्तनाचा नियम समजावून दिला. एवढ्या लांबून वैमानिकाला फार तर एक चांदणी चमकल्यासारखं दिसेल, हेही सांगितलं. धुळाजींनी मन लावून ऐकलं. "समदं पटलं बाई. आता ह्येच कागदावर द्या."

मग अर्ज लिहिला गेला. मोहनरावांचं अक्षर मोठं, मजकूर धुळाजींचा.

"विषय : विमानास आरसा दाखविणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, अर्जदाराची पत्नी ही विमानाने भुवनेश्वर येथे आपल्या मुलीकडे जात असून, सदर विमान अर्जदाराच्या घरावरून जाते वेळी अर्जदार हा स्वतःच्या स्लॅबवरून त्यास आरसा दाखविणार आहे. सदर आरशाचे माप नऊ इंच गुणिले बारा इंच असे आहे. त्यामागे अर्जदाराचा कोणताही वाईट हेतू नाही. मुलगी तीन वर्षांपासून घरी आलेली नाही."

शेवटचं वाक्य मोहनरावांनी आपल्या मनानं घातलं. धुळाजींनी ते वाचलं, टोपी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "ह्ये बी ऱ्हाऊ द्या."

अर्ज गुप्त नव्हता. धुळाजींनी तो पिठाच्या गिरणीत, पारावर आणि दूध डेअरीत अशा तीन ठिकाणी वाचून दाखवला. आपल्याकडे अर्ज आला, तोही विमानाचा, ही त्यांच्या कारकिर्दीतली पहिलीच वेळ. त्यानंतर सत्यशीलाबाईंना रस्त्यात कुणीही थांबवून विचारू लागलं, "बाई, कितीला जाणार विमान?" त्या मिनिटांत उत्तर देत. त्यांना वाटे, लोक काळजीनं विचारतात.

सगळ्यांनी काही ना काही केलं होतं. भिवराबाईंनीच काही केलं नव्हतं. निघायच्या आदल्या दुपारी त्यांनी सुई-दोरा घेतला. "एवढी महागाची किटली अशीच उघडी नेतीस व्हय? फुटंल की." त्यांनी कोनाड्यातली एक स्वच्छ पांढरी गोणी काढली, जोरात झटकली, आतून जुन्या लुगड्याचं मऊ अस्तर लावलं आणि लेन्सला मापाची खोळ शिवली. गोधडीसारखे टाके, एकाला लागून एक. वर नाडी. नाडीच्या गाठीत नारायणगडाचा अंगारा, पुडीत बांधून. सत्यशीलाबाईंनी लेन्स खोळीत घालून पाहिली. नेमकी बसली.

"आत्याबाई, फार छान झालीय."

"पोरीला सांग, आजीनं शिवली."

एवढं सगळं नीट झालं होतं. म्हणून पुण्याच्या विमानतळावर पोचेपर्यंत सत्यशीलाबाई निर्धास्त होत्या. तपासणीच्या रांगेत त्यांनी कुणी सांगायच्या आत लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवला, कॅमेरा वेगळ्या, बॅटऱ्यांची टोकं कागदी टेपनं झाकून त्या तिसऱ्या, खोळीतली लेन्स चौथ्या. मागच्या माणसानं सुस्कारा सोडला. बाईंनी त्याच्याकडे वर्गात मागच्या बाकाकडे पाहतात तसं पाहिलं.

पट्ट्यावरून ट्रे पुढे गेले आणि लेन्सचा ट्रे बाजूला वळला.

"मॅडम, ये किसका है?" गणवेशातल्या एका तरुण मुलीनं विचारलं. तिनं खोळीवरून कापडाची एक छोटी पट्टी फिरवली आणि ती एका यंत्रात सरकवली. यंत्र ओरडलं. लाल दिवा लागला. मुलीनं वरिष्ठाला बोलावलं. वरिष्ठांनी आधी एक कोरी पट्टी घालून यंत्र तपासलं, ते गप्प राहिलं; मग पुन्हा खोळीची पट्टी घातली, ते पुन्हा ओरडलं. एवढ्या गडबडीतही सत्यशीलाबाईंना बरं वाटलं. तुलनेसाठी कोरा नमुना घ्यायचा असतो, हे त्यांनी दर वर्षी सांगितलं होतं आणि दर वर्षी पोरं विसरली होती.

"मॅडम, इसमें पहले क्या रखा था?"

सत्यशीलाबाईंनी खोळ उलटी केली. अस्तराच्या आत, गोणीवर, निळ्या अक्षरांत अर्धा आकडा दिसत होता : चोवीस-चोवी. खताची गोणी. मिश्र खत. एकोणतीस वर्षं रसायनं शिकवून आपण कालच्या दुपारी फक्त टाके पाहिले.

प्रश्नाला नेमकं उत्तर द्यायचं, ही त्यांची आयुष्यभराची सवय. त्यांनी ते दिलं.

"अमोनियम नायट्रेट."

आजूबाजूचे चार लोक आणखी चार पावलं मागे सरले. वरिष्ठांची मान सावकाश वर आली.

"म्हणजे अंश," सत्यशीलाबाई घाईनं म्हणाल्या. मग हिंदीत, "थोडासा. खाद का. खेत में डालते हैं. चौबीस-चौबीस-शून्य. पहिला आकडा नायट्रोजनचा, दूसरा फॉस्फेट का..." घाबरल्यावर माणसं देवाचं नाव घेतात, सत्यशीलाबाई धडा घ्यायला लागल्या. कुणी थांबवलं नसतं तर त्या पालाशपर्यंत गेल्या असत्या, जो या खतात नसतोच.

"और ये पाउडर?" मुलीनं नाडीची गाठ सोडली होती.

"अंगारा. राख. नारायणगड का. सास ने..."

इथं मात्र त्यांचा धडा अडला. साठीच्या उंबऱ्यावरची, कधी कुणाचा खडूसुद्धा न उचललेली बाई, सगळ्यांच्या समोर, चपला ट्रेमध्ये, अनवाणी, हातात सासूच्या लुगड्याचा तुकडा. गावात कुणी पाहिलं नाही एवढंच समाधान.

वरिष्ठांनी गोणीचे टाके बोटांनी चाचपले. "हमारी माँ भी खाद की बोरी में रज़ाई रखती है," ते म्हणाले. "हर साल मना करता हूँ." मग पुन्हा कडक चेहरा करून ते म्हणाले, "लेकिन चेकिंग तो पूरी होगी."

पुरी झाली. लेन्स वेगळी, कॅमेरा वेगळा, एकेक बॅटरी वेगळी, बाईंचे दोन्ही तळहात वेगळे. लॅपटॉप चालू करून दाखवावा लागला. तो सायली बारावीत असताना घेतलेला, उघडायला सहा मिनिटं घेतो. तेवढा वेळ सगळे त्याच्यावरचं फिरणारं वर्तुळ बघत उभे. वहीत नोंद झाली. सगळं निर्दोष निघालं, खोळ सोडून. खोळ नेता येणार नाही. अंगारा नेता येईल. सत्यशीलाबाईंनी अस्तर तरी उसवून घेऊ का असं विचारलं, पण कात्री त्यांच्याकडे नव्हती, नियमानुसारच नव्हती. त्यांनी खोळीची घडी घातली, टाके वर येतील अशी, आणि स्वतःच्या हातानं जप्त सामानाच्या टोपलीत ठेवली.

या सगळ्यात एक्केचाळीस मिनिटं गेली. विमानाच्या दारापाशी त्या शेवटच्या प्रवासी होत्या. पळून पळून दम लागलेला. दाराशी उभा असलेला मुलगा म्हणाला, वर बॅगांना जागा उरली नाही, ही बॅग खाली पोटात जाईल, आत बॅटऱ्या असतील तर काढून घ्या.

पान सहा! सत्यशीलाबाईंना एवढ्या वेळात पहिल्यांदा ओळखीचं काही भेटलं. त्यांनी झटपट चार बॅटऱ्या काढल्या. लॅपटॉपमध्ये बॅटरी असते, म्हणून तो काढला. चेन लावली, बॅग दिली, पावती घेतली. मुलगा म्हणाला, "वा मॅडम, तुम्हाला सगळं माहिती आहे." त्या कौतुकानं त्या विमानात शिरल्या, चोविसाव्या रांगेपर्यंत चालत गेल्या, खिडकीशी बसल्या, पट्टा बांधला. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की बॅटऱ्या काढा असं नियमात लिहिलं होतं. कॅमेरा काढून गळ्यात अडकवू नका असं अकरा पानांत कुठंही लिहिलेलं नव्हतं.

कॅमेरा विमानाच्या पोटात. चार बॅटऱ्या पदरात. शहादेवअण्णांना हे कधीही कळू द्यायचं नाही, एवढं त्यांनी ठरवलं.

विमानतळ हवाई दलाचा. म्हणून खिडक्यांच्या झडपा खाली ओढा, अशी सूचना झाली. सत्यशीलाबाईंनी ओढली. विमान अंधारात धावलं, अंधारात उडालं. आयुष्यातलं पहिलं उड्डाण त्यांनी एका करड्या प्लॅस्टिककडे पाहत केलं आणि मनात मिनिटं मोजली. नऊ मिनिटांनी झडप उघडायची परवानगी मिळाली. लॅपटॉपलाही मिळाली.

लॅपटॉप! त्याच्या पडद्यावर, वरच्या कडेला, बारीक डोळ्यासारखा कॅमेरा असतो. सायली त्यातूनच बोलायची. बाईंनी तो चालू केला. फिरणारं वर्तुळ सहा मिनिटं फिरलं आणि पडद्यावर एक घाबरलेली बाई आली. त्या स्वतःच. तो डोळा माणसाकडे बघतो, बाहेर नाही. बाहेर दाखवायचं तर अख्खा लॅपटॉप उलटा करून खिडकीला लावायला हवा.

"काय करताय मावशी?" शेजारच्या सीटवरचा, मोबाईल वरच्या बॅगेत टाकून झोपायच्या बेतात असलेला गृहस्थ म्हणाला.

"घराचा फोटो काढतेय."

त्यानं डोळे पूर्ण उघडले. "कुणाच्या?"

"माझ्या."

उडून एकोणीस मिनिटं झाली. सत्यशीलाबाईंनी उघडा लॅपटॉप उलटा धरून खिडकीला टेकवला. खिडकी पाटीएवढीसुद्धा नाही. लॅपटॉप टेकवला की ती पूर्ण झाकली जात होती. एक तर लॅपटॉप बघणार, नाही तर त्या. त्यांनी लॅपटॉपला बघू दिलं. सायलीसाठी आलो आहोत. आपल्या डोळ्यांनी बघून सायलीच्या हातात काय पडणार? अंदाजानं त्या एक बटण दाबत राहिल्या.

वीस मिनिटं. लॅपटॉपची कड आणि खिडकीची चौकट यांच्यात दोन बोटांची फट होती. त्या फटीतून खाली पाहिलं. खाकी. बालाघाटाची कड असेल, नसेल. एक तळं, पण तळी किती तरी. रस्ते सगळे सारखे. जन्म ज्या मातीत काढला, तिच्यात आपल्याला आपली गल्ली सापडू नये? पोरगी हेच चौदा वेळा बघत गेली. चौदा वेळा काचेला नाक लावलं असेल तिनं.

आणि फटीत एक ठिणगी पडली.

पडली आणि विझली. पुन्हा पडली. नेमाची नाही, थांबत, दम खात, चुकून पुन्हा सापडल्यासारखी. तो हात त्या बत्तीस वर्षं ओळखत होत्या.

सत्यशीलाबाईंनी लॅपटॉप काढून शेजारच्या माणसाच्या मांडीवर ठेवला आणि खिडकीला कपाळ लावलं.

एका ठिणगीच्या दोन झाल्या. मग पाच. मग एकदम ओंजळभर, जशी कुणी खाली काच फोडून टाकली. शाळेच्या बाजूला एक ओळच्या ओळ. पाराच्या जागी दाटी. एक मात्र इतरांहून मोठी आणि मंद, जराही न हलता एका जागी धरून ठेवलेली. सत्यशीलाबाई मोजायला लागल्या, कारण दुसरं काही करणं त्यांना सुचेना. सत्तावीसपर्यंत गेल्या. मग एकेक ठिणगी मागे सरकत खिडकीच्या मागच्या कडेआड गेली, आणि पुन्हा खाकी. सगळं मिळून दीड मिनिट.

शेजारचा माणूस काही वेळानं हळूच म्हणाला, "मावशी, हा लॅपटॉप..."

"हो. द्या," त्या म्हणाल्या आणि तोंड खिडकीकडेच ठेवलं.

भुवनेश्वरला सायली न्यायला आली होती. वाळली होती. मिठी सुटल्यावर ती पहिलं हेच म्हणाली, "निघाला फोटो?" बाहेरच्या बाकावर बसून लॅपटॉप उघडला. सहा मिनिटं वर्तुळ बघितलं. अठरा फोटो निघाले होते. त्यांत खिडकीच्या काचेवरचे ओरखडे होते, बाईंचं बोट होतं, पांढरा उजेड होता. घर नव्हतं.

"मी मधेच काढून घेतला लॅपटॉप," सत्यशीलाबाई म्हणाल्या. "मलाच बघावंसं वाटलं. तुझ्यासाठी म्हणून गेले आणि..." पुढचं वाक्य त्यांना बांधता येईना.

तेवढ्यात बटणांचा फोन वाजला. त्याचा आवाज इतका मोठा, की वेगळा स्पीकर लावायची गरज नव्हती.

"दिसलो का?" मोहनराव ओरडले.

"दिसलात."

"मीच ना पहिला? का शहादेव? शहादेव म्हणतो, त्याच्या कपाटाचा आरसा मोठा हाय, तोच दिसला असंल. आन् समदं गाव आलतं बघ, म्या कुनाला बोलवलं न्हवतं. शाळेची पोरं कंपासाची पत्र्याची झाकणं घेऊन. धुळाजी तर गॉगल लावून आले. आता भांडण लागलंय, मागून दुसरं एक विमान गेलं, त्याला बी लोकांनी दाखवला आरसा. पाटील म्हणत्यात, अर्ज एकाच विमानाचा हाय!"

"पहिले तुम्हीच होतात," सत्यशीलाबाई म्हणाल्या.

फोन ओढल्याचा आवाज झाला.

"म्या परात धरलती," भिवराबाई म्हणाल्या. "पितळी, चिंचेनं घासून. हात न्हाई हलू दिला. दिसली का?"

"दिसली, आत्याबाई. सगळ्यात मोठी तुमचीच."

"मग झालं. पोरीला सांग, आमी हितं हाव म्हणावं. इचारती ना कुठं हाव म्हणून. हितंच हाव."

फोन बंद झाला. सायली लॅपटॉपवरच्या पांढऱ्या फोटोकडे पाहत होती. मान वर केली नाही. सत्यशीलाबाईंनी या वेळी घड्याळाकडे पाहिलं नाही.

"आई," ती म्हणाली, "इकडून येताना खिडकी कुठल्या बाजूची घ्यायची?"

"डावी. पंखाच्या मागची रांग." सत्यशीलाबाईंनी सवयीनं पूर्ण उत्तर दिलं. "पण विमान काही तिथं थांबत नाही. पुण्याला उतरावं लागतं आणि पुढं पाच तास एसटी."

"माहितीये," सायली म्हणाली. "पाटोद्याची पहिली एसटी किती वाजता सुटते?"

सत्यशीलाबाईंना पुण्याहून सुटणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या वेळा तीन वर्षं पाठ होत्या. त्यांनी तोंड उघडलं, आणि एकही आठवेना.